कोणतं जीन, भाऊ?

बुलढाणा जिल्ह्यातल्या हिवरा आश्रमच्या कृषी महाविद्यालयात शिकणाऱ्या एखाद्या पोरानं रात्री घरी फोन लावून सांगितलं, "आबा, आज दिवसभर जीनच चाललं," तर खामगावकडच्या आबांचा पुढचा प्रश्न ठरलेला: "कोन्या जिनात लागला बापा? अन् शिक्षन सोडलं काय?"

दोघंही आपापल्या जागी बरोबर. पोराचं जीन म्हणजे पेशीतलं जनुक. आबांचं जीन म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढणारा कारखाना, जिथं पिढ्यान्‌पिढ्या वऱ्हाडच्या बैलगाड्या रांगेत उभ्या राहिल्या. आणि हे दोनच असते तर गोष्ट सोपी होती. ग्लासातली जिन आहे, दिव्यातला जिन आहे, घोड्याच्या पाठीवरचं जीन आहे, अंगातली जीन्स आहे. कानाला सगळी भावंडं वाटतात. त्यातली खरी नात्यातली कोण आणि नुसती चेहऱ्यासारखा चेहरा असलेली कोण, हे पाहायला गेलं की फार मजा येते.

जिनात गेलं की ऱ्हस्व

आधी जिभेचं पाहू. इंग्रजीत कारखान्याची जिन आणि पिण्याची जिन, दोन्ही ऱ्हस्व. जनुकाचा जीन आणि पँटचं जीन, दोन्ही दीर्घ. भुताचा जिन पुन्हा ऱ्हस्व. म्हणजे इंग्रज माणूस निदान दोन ढीग तरी वेगळे करतो. आपण मात्र सगळ्यांना एकाच पोत्यात भरतो, आणि त्याला कारण आपला आळस नव्हे, आपलं व्याकरण. मराठीत शेवटचं अक्षर अकारान्त असलं की त्याच्या आधीचा इकार-उकार लांबतो: मीठ, वीट, फूल, पूल. बाहेरून आलेला पाहुणाही इथं रुळला की त्याला हाच कायदा लागतो. तिकीट, पाकीट, बिस्कीट हे तिन्ही शब्द इंग्रजीत शेवटी आखूड आहेत. आपण त्यांना ऐसपैस केलं. तसंच कारखान्याचं जीन झालं.

गंमत पुढे आहे. विभक्ती लागली की मराठी तोच स्वर परत आखडून घेते. मीठ, पण मिठात. तिकीट, पण तिकिटाला. म्हणून जीन, पण जिनात. कापसाची गाडी फाटकाबाहेर उभी असेपर्यंत उच्चार मराठी. आत शिरली की अस्सल इंग्रजी. शाळेत फाडफाड इंग्रजीच्या नावाखाली जे घोटून घेतात ते वऱ्हाडातला गाडीवान सामान्यरूपाच्या जोरावर सहज बोलून गेलेला आहे.

शिवाय आपल्याकडे लिंगाचा आधार आहेच. ते जीन म्हणजे कारखाना किंवा खोगीर. ती जिन म्हणजे बाटली. तो जिन म्हणजे भूत. इंग्रजीला हे सुख नाही. तिथं वाक्य पूर्ण होईपर्यंत माणूस पिणार आहे की घाबरणार आहे, याचा पत्ता लागत नाही.

आणि इंग्रजी स्पेलिंगच्या शिस्तीबद्दल कोणी फार कौतुक करत असेल तर त्याला दोन शब्द वाचायला द्यावेत: बिगिन आणि ऑरिजिन. दोन्हींच्या शेवटी तीच तीन अक्षरं, जी, आय, एन. दोन्हींचा अर्थही सुरुवातीशी निगडित. एकात ग, दुसऱ्यात ज. फ्रेंचमार्गे आलेल्या शब्दांत बहुधा ज, जुन्या जर्मनिक शब्दांत बहुधा ग, असा ढोबळ हिशेब आहे. पण तो हिशेब इंग्रजांनाही पाठ नसतो. १९८७ मध्ये हलत्या चित्रांचा 'जिफ' हा प्रकार तयार करणारा स्टीव्ह विल्हाइट २०१३ मध्ये पुरस्कार घ्यायला गेला, तेव्हाही त्याला जगाला हेच सांगावं लागलं की उच्चार 'जिफ' आहे, 'गिफ' नाही. जगानं ऐकलं नाही, ते सोडा.

इंजिनाची शेपटी

आता आबांच्या जिनाकडे. हा शब्द 'इंजिन'चं तुटलेलं शेपूट आहे. लॅटिनमध्ये इंजेनियम म्हणजे उपजत बुद्धी, कसब. त्यावरून जुन्या फ्रेंचमध्ये एंजिन, म्हणजे युक्तीनं बनवलेली वस्तू. इंग्रजीत येता येता पुढचा तुकडा गळाला आणि सुमारे १२०० सालापासून जिन म्हणजे कुठलीही कळ, सापळा, उचलयंत्र असा अर्थ रूढ झाला. विहिरीवर धडधडणारं डिझेल इंजिन, पूल बांधणारा इंजिनिअर आणि सरकी काढणारं जीन हे एका घरातले. कापसाशी या शब्दाची गाठ पुष्कळ उशिरा पडली.

यंत्राची गाठ मात्र आधीच, आणि तीही आपल्या शेजारी. पाचव्या शतकातल्या अजिंठ्याच्या चित्रांत एका लाटेनं, म्हणजे रुळानं, सरकी काढायचं साधन अभ्यासकांनी ओळखलं आहे. बुलढाणा ज्या डोंगररांगेवर बसलंय तिचं नावही अजिंठाच. पुढे एका लाटेच्या दोन झाल्या, त्यांना मळसूत्री दाते आले, आणि दोन लाटांमधून रुई ओढली जाऊन सरकी अलीकडे पडणारा हाताचा चरखा तयार झाला. इंग्रजी कागदपत्रांत त्याला 'चर्का' म्हटलंय.

मग आला अमेरिकेतला एली व्हिटनी. १४ मार्च १७९४ ला त्याला पेटंट मिळालं. त्याच्या यंत्रात दातेरी रूळ होता. दाते रुई ओरबाडून घेत, सरकी जाळीअलीकडे राहत असे. यंत्रानं मजुरांचे कष्ट वाचले असं शाळेत सांगतात. प्रत्यक्षात सरकी काढायचा अडसर गेल्यावर तिथले मळे पसरले आणि गुलामांची मागणी वाढली. यंत्राच्या इतिहासातलं हे वाक्य पाठ्यपुस्तकांत लहान अक्षरांत छापलेलं असतं.

हे दातेरी जीन आपल्याकडेही आणून पाहिलं. १८४० मध्ये ईस्ट इंडिया कंपनीनं चक्क अमेरिकन मळेवाले भारतात आणले. धारवाड भागात अमेरिकन कापूस बऱ्यापैकी रुजला, यंत्रही थोडं रुजलं. बाकी ठिकाणी आखूड धाग्याच्या देशी कापसाला दाते मानवेनात. आजही भारतातली बहुतेक जिनं लाटांची आहेत, दोन लाटांची. म्हणजे अजिंठ्याच्या चित्रातल्या त्या साधनाचं घराणं खामगाव-अकोल्याच्या रस्त्यावर अजून खडखडतंय. फक्त आता त्याला वीज लागते.

वऱ्हाडावर इंग्रजांचा डोळा पडला तो याच कापसापायी. १८५३ मध्ये निजामाकडून हा मुलूख त्यांच्या ताब्यात आला. १८६१ ला अमेरिकेत यादवी पेटली, तिथला कापूस अडला, मँचेस्टरच्या गिरण्या उपाशी राहिल्या आणि सगळ्यांना एकदम खामगाव, अमरावती ही नावं पाठ झाली. १८७० मध्ये खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खामगावात आला, कापसाचा बाजार आणि जलंबहून येणारी चिमुकली रेल्वे सुरू करायला. एवढा मोठा माणूस एवढ्याशा रेल्वेसाठी! पण ती रेल्वे माणसांसाठी नव्हतीच मुळी, गाठींसाठी होती.

आणि नावांचं काय झालं? अमरावतीचं स्पेलिंग साहेबांनी 'ऊमरावटी'च्या जवळपास नेऊन ठेवलं आणि लिव्हरपूलच्या बाजारात वऱ्हाडी कापसाचं नाव पडलं 'ऊम्राज'. बुलढाण्याचा कापूस असो की अकोल्याचा, तिकडे तो ऊम्राच. वऱ्हाडचं 'बेरार' झालं ते तर अजून कागदोपत्री सापडतं.

बाटलीतली आणि बाटलीतला

हिवरा आश्रम हे स्वामी विवेकानंदांच्या नावानं ओळखलं जाणारं गाव. शुकदास महाराजांनी इथं विवेकानंद आश्रम उभा केला. विवेकानंद जन्मोत्सवात पुरी आणि वांग्याच्या भाजीचा महाप्रसाद ट्रॅक्टरनं वाढला जातो, आणि पंगत लाखांच्या घरात असते. अशा गावाच्या निमित्तानं दारूचा विषय काढायचा तर तो व्युत्पत्तीपुरताच काढावा.

पिण्याच्या जिनचं मूळ नाव डच, येनेव्हर. तिला वास येतो तो ज्युनिपर नावाच्या झुडपाच्या फळांचा, आणि येनेव्हर हे ज्युनिपरचंच डच रूप. हॉलंडचा विल्यम १६८९ मध्ये इंग्लंडच्या गादीवर बसला, डच दारूला बरे दिवस आले आणि इंग्रजांनी लांबलचक नावाचा पहिला तुकडा ठेवून बाकीचा टाकून दिला. म्हणजे पाहा, यंत्राच्या नावाचं शेपूट उरलं, दारूच्या नावाचं डोकं उरलं, आणि दोन्ही एकाच उच्चारावर येऊन थांबली. नातं शून्य.

तिच्या शेजारी जे टॉनिक ओततात त्याचं नातं मात्र आपल्याकडच्या डासांशी आहे. क्विनाइन हे हिवतापावरचं कडूजहर औषध. ते घशाखाली उतरावं म्हणून सोडा, साखर, लिंबू आणि साहेबाच्या बाबतीत जिन. १८७० च्या दशकात श्वेप्स कंपनीनं 'इंडियन क्विनाइन टॉनिक' या नावानंच ते विकायला काढलं. जिकडे तिकडे कापसाची जिनं उभी राहत होती तेच हे दिवस. (हिवरा आणि हिवताप यांचा संबंध जोडू नये. हिवरा आलं हिवर या काटेरी झाडावरून. तापातलं हिव म्हणजे थंडी.)

दुसरा तो, बाटलीत किंवा दिव्यात कोंडलेला. अरबी जिन्न. या भाषेत शब्दाचा सांगाडा व्यंजनांचा असतो, आणि ज-न-न या सांगाड्याचा अर्थ झाकणं, लपवणं. जिन्न म्हणजे डोळ्यांना न दिसणारा. जन्नत म्हणजे झाडांनी झाकलेली बाग, मग स्वर्ग. आणि ज्याला जिन्नानं झपाटलं तो मजनून. लैलाचा मजनू तोच! कॉलेजच्या फाटकावर उभ्या असलेल्या पोरांना हा शब्द लावताना आपण नकळत भूतबाधेचं निदान करत असतो.

याचं इंग्रजी रूप 'जिनी' फसवं आहे. १७०४ पासून आंत्वान गालाँ यानं अरबी सुरस कथा फ्रेंचमध्ये आणल्या. जिन्नला काय म्हणावं? फ्रेंचमध्ये 'जेनी' हा शब्द तयार होता, लॅटिनच्या जीनियसवरून आलेला. माणसाचा राखणदार आत्मा असा त्याचा जुना अर्थ. आवाज जुळला, अर्थही जवळपास बसला, ठेवून दिला. म्हणजे अल्लाउद्दीनच्या दिव्यातून निघतो तो अरबी राक्षस रोमन नाव लावून.

जन्मखूण

आता पोराच्या जीनकडे. १९०९ मध्ये विल्हेल्म योहानसेन या डॅनिश शास्त्रज्ञानं आनुवंशिकतेच्या एककाला नाव दिलं 'जीन'. ग्रीक गेनोस म्हणजे वंश, कूळ. त्या घराण्यातून ते घेतलं. मराठी शास्त्रज्ञांनी त्याला 'जनुक' म्हटलं, आणि माझ्या मते हा मराठीतल्या सर्वांत हुशार पारिभाषिक शब्दांपैकी एक आहे. कारण ग्रीक गेनोस आणि आपला संस्कृत जन् धातू हे एकाच मूळ धातूचे दोन अंकुर आहेत. जन्म, जननी, जाती, जन एकीकडे, गेनोस दुसरीकडे. 'जनुक' करताना आपण भाषांतर कसलं केलं, पाहुण्याला त्याचं घरचंच नाव परत दिलं.

आणि इथून जी भाऊबंदकी उलगडते ती भन्नाट आहे. लॅटिनमध्ये याच धातूचं रूप 'जेन-'. त्यातून आला तो इंजेनियम, आत जन्मलेलं कसब. म्हणजे इंजिन. म्हणजे आबांचं जीन! त्यातूनच जीनियस, म्हणून दिव्यातल्या राक्षसाचं उसनं आडनावही. जर्मनिक भाषांत ग चा क झाला, म्हणून इंग्रजीत 'किन', म्हणजे नातलग, तोही याच घरचा. फोनवर एकमेकांना न समजलेले आबा आणि नातू दोघंही एकाच धातूचं बोलत होते.

याहून मोठा धक्का किराणा दुकानात आहे. 'जिन्नस' हा शब्द आपण अरबीतून घेतला. तिथं तो जिन्स, म्हणजे जात, प्रकार. पण अरबीनं तो स्वतः ग्रीक गेनोसवरूनच घेतलेला. तेव्हा वाण्याच्या यादीतले जिन्नस हे जनुकाचे चुलत भाऊ निघाले.

बीटी कापूस आल्यावर तर दोन्ही जिनांची एकाच बोंडात भेट झाली. मार्च २००२ मध्ये भारतात त्याला परवानगी मिळाली. ते बियाणं महिकोचं, म्हणजे बुलढाण्याच्या शेजारच्या जालन्याच्या कंपनीचं. बीटी हे बॅसिलस थुरिंजिएन्सिस या जिवाणूचं लघुरूप, त्यातला थुरिंजिया हा जर्मनीतला प्रांत. बियाण्यात घातलेल्या जनुकाचं नाव 'क्राय-वन-एसी'. इंग्रजी येणाऱ्याला वाटेल, रडण्याचा काय संबंध? हा 'क्राय' म्हणजे क्रिस्टल, स्फटिक. जिवाणूच्या पेशीत त्या प्रथिनाचे खडे बनतात म्हणून. पण २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीनं विदर्भातली बोंडं आतून पोखरली, तेव्हा या नावाचा चुकीचा अर्थच जास्त खरा वाटला असेल.

बोंडाला इंग्रजीत 'बोल', आणि उच्चार थेट वाडग्यासारखा. चेंडूसारखा करू नये. 'बॉलवर्म' म्हटलं की अळी मैदानात उतरते.

घोड्यावरचं, अंगातलं

घोड्याचं जीन फारसी, मूळ उच्चार 'झीन' असा, दात चाटून जाणारा. मराठीत ई पुढे आली की ज तालव्य होतो: 'ताजा' आणि 'ताजी' सावकाश म्हणून पाहा, जीभ जागा बदलते. तसंच झीनचं जीन झालं, आणि ते शिवणारे जीनगर. वरच्या कोणाशीही सोयरीक नाही.

जीन्सचं मूळ इटलीतलं जिनोआ बंदर. तिथल्या जाड कापडाला फ्रेंच नावावरून जीन म्हणू लागले. डेनिम म्हणजे फ्रान्समधल्या नीम गावचं, 'द नीम'. ही दोन उदाहरणं सगळे सांगतात. तिसरं आपलं आहे आणि तेच सांगायचं राहतं: डंगरी. खलाशी आणि कामगारांचा तो निळा पोशाख, जगभरच्या शब्दकोशांत असलेला, तो मुंबईच्या डोंगरीचा. तिथं विकलं जाणारं जाडंभरडं सुती कापड डोंगरी म्हणून ओळखलं जाई. कामगाराचे कपडे म्हणून तीन ठिकाणांची नावं जगानं अंगावर घातली, त्यातलं एक भेंडीबाजाराच्या अलीकडचं.

जिंजर, म्हणजे आलं, याला कोणी या यादीत घुसवत असेल तर थांबवा. ते आपलंच शृंगवेर, ग्रीसची यात्रा करून आलेलं.

कॉटन कँडीचा भाव काय?

अमेरिकेत कोणी हे विचारलं तर समोर जत्रेतले गुलाबी म्हातारीचे केस येतात. त्याचं यंत्र १८९७ मध्ये बनवणाऱ्यांपैकी एक, विल्यम मॉरिसन, पेशानं दंतवैद्य होता, आणि मला तरी हा निव्वळ योगायोग वाटत नाही.

खामगाव-अकोल्याच्या व्यापाऱ्याला हाच प्रश्न विचारा, तो गंभीर होतो. इथं कँडी म्हणजे खंडी. रुईचा भाव आजही खंडीवर निघतो. ही खंडी ७८४ पौंडांची, म्हणजे साधारण ३५६ किलो, १७० किलोच्या दोन गाठींपेक्षा थोडी जास्त. इंग्रजांना खंडी म्हणता येईना, त्यांनी कँडी केलं. आणि गोड कँडी? तीही इथलीच. संस्कृत खंड, म्हणजे साखरेचा खडा. फारसीत कंद, अरबीत कंदी, फ्रेंचमध्ये कांदी, इंग्रजीत कँडी. खडीसाखरेतली खडी आणि खंडीभर कापूस दोन वेगळ्या वाटांनी जाऊन इंग्रजी शब्दकोशात एकाच पानावर शेजारी बसलेत.

गाठ म्हणजे 'बेल'. क्रिकेटच्या स्टंपवरची बेल वेगळी, जामिनाची बेल वेगळी, स्पेलिंगही वेगळं, उच्चार तंतोतंत तोच. घंटेची बेल मात्र आखूड. ती लांबवली की शाळा सुटायच्या ऐवजी आरोपी सुटतो.

हिवरा आश्रमच्या मेहकर तालुक्यात सध्या पऱ्हाटीपेक्षा, म्हणजे कपाशीपेक्षा, सोयाबीनचाच बोलबाला आहे, तेव्हा त्याचंही नाव पाहून घ्यावं. बीन दीर्घच, ऱ्हस्व केलं तर कचऱ्याचा डबा. आणि 'सोया' हे त्या दाण्याचं नावच नव्हे. जपानीत शोयु म्हणजे दाण्यापासून बनवलेली काळी खारट चटणी, जी चायनीजच्या गाडीवर बाटलीत असते. डच व्यापाऱ्यांनी आधी बाटली नेली, शोयुचं सोया केलं, आणि मागाहून दाणा पाहिल्यावर त्याला म्हणाले, हा त्या सॉसवाला दाणा. आपण भजीवरून हरभऱ्याला 'भजीदाणा' म्हणावं, तसला प्रकार.